कार्बन बदलला तरी आठ दिवसांत पाणी पुन्हा रंगीत: डाईंगच्या ईटीपीत दोष कुठे शोधायचा

डाईंग युनिटच्या ईटीपीतला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधला, कार्बन फिल्टर रिकामा केला, नव्या कार्बनच्या पिशव्या ओतल्या. पहिले चार-पाच दिवस आऊटलेटला अगदी नळासारखं पाणी. आठव्या दिवशी फिकट गुलाबी, दहाव्या दिवशी उघड लाल. मग पुरवठादाराला फोन जातो, ‘माल हलका दिलात’ म्हणून. पुढच्या खेपेला जास्त आयोडीन नंबरचा (याचा अर्थ पुढे येतोच), महाग कार्बन येतो. तोही आठ दिवसांतच दम टाकतो.

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी या भागांतल्या सुती कापड रंगवणाऱ्या लहान युनिट्समधून मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: दहापैकी आठ ठिकाणी कार्बन खराब नसतो. त्याच्यापर्यंत जे पाणी पोचतं ते त्याच्या कामाचं नसतं. कार्बन हा शेवटचा हात आहे. आधीच्या टाक्यांनी सोडून दिलेलं काम त्याच्या गळ्यात घातलं, तर कुठल्याही कंपनीचा कार्बन आठ दिवसांतच संपणार.

म्हणून नवा कार्बन मागवण्याआधी एवढं करा. बिनरंगी पारदर्शक काचेच्या एकसारख्या चार बाटल्या घ्या. पहिलीत कलेक्शन टँकचं पाणी, दुसरीत तुरटी-चुना घालून गाळ बसल्यानंतर वर राहिलेलं, तिसरीत सँड फिल्टरनंतरचं, चौथीत कार्बननंतरचं. मागे पांढरा कागद लावून दिवसाच्या उजेडात ओळीने ठेवा. प्रत्येकीचा पीएच लिहा. खाली जे सांगणार आहे ते सगळं या चार बाटल्यांकडे बघतच सांगणार आहे.

पहिली आणि दुसरी बाटली जवळजवळ सारखी दिसते

सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं. म्हणजे तुरटी-चुन्याच्या टप्प्यात रंग गेलेलाच नाही, फक्त माती आणि तंतू बसले.

याचं कारण रंगाच्या जातीत आहे. सुती कापडासाठी आज मुख्यतः रिॲक्टिव्ह डाय वापरतात. १९५६ मध्ये ते बाजारात आले आणि पक्क्या रंगामुळे सगळीकडे पसरले. हे रंग सोड्याच्या क्षारात धाग्याशी रासायनिक बंध करतात, पण त्याच क्षारात त्यांचा काही भाग पाण्याशीही जुळतो. पाण्याशी जुळलेला रंग पुन्हा धाग्याला चिकटत नाही, तो वॉशिंगमध्ये सुटून येतो. रंगाच्या जातीनुसार आणि यंत्रानुसार घातलेल्या रंगापैकी साधारण १० ते ४० टक्के असा वाया जातो. त्याच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणून तो पाण्यात पूर्ण विरघळलेला आणि ऋण भाराचा असतो. साध्या तुरटीला तो सहज हाती लागत नाही.

अशा वेळी तुरटीचा डोस दुप्पट करणं हा उपाय नाही, गाळ मात्र दुप्पट होतो. आधी पीएच बघा. तुरटी साधारण ६ ते ७ या पीएचला नीट काम करते आणि डाईंगचं पाणी १० ते ११ ला येतं. हिराकस (फेरस सल्फेट) वापरत असाल तर तिला उलट ९ च्या वरचा पीएच लागतो, आणि ॲझो जातीच्या रंगांवर ती तुरटीपेक्षा बरी चालते. एका टाकीत दोन्ही टाकून दोन्हींचं काम अर्धवट करून घेणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. एकच निवडा आणि तिला हवा तो पीएच द्या.

धन भाराचा डीकलरंट, म्हणजे रंग खाली बसवणारा, पॉलिमर रिॲक्टिव्ह रंगांवर खरोखर चांगला चालतो, कारण रंगाचा ऋण भार आणि पॉलिमरचा धन भार एकमेकांना मारतात आणि गाळ बसतो. पण त्याचा डोस जार टेस्ट करूनच ठरवा. एक लिटरचे सहा बीकर, सहा डोस, तासाभराचं काम. डोस जास्त झाला तर उरलेला पॉलिमर पुढे जाऊन सँड फिल्टरच्या वाळूचे गोळे करतो आणि कार्बनच्या दाण्यांवर साय धरल्यासारखा बसतो. मग कार्बनची छिद्रं रिकामी असूनही बंद. असा चिकट झालेला कार्बन हातात घेऊन बोटांनी चोळला की लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट, जी ईटीपीत नाही, वरच्या मजल्यावर, रंगाई खात्यात आहे. डाय बाथ, म्हणजे रंगवल्यानंतर सोडलेलं पहिलं दाट पाणी, आणि शेवटच्या वॉशचं जवळजवळ नितळ पाणी एकाच गटारातून येतं. दुपारी काळा शेड सुटला की टाकी काळी, रात्री नितळ. सगळं पाणी मिसळून एकसारखं करणारी इक्वलायझेशन टाकी लहान असेल किंवा तिच्यात हवा सोडून ढवळलं जात नसेल, तर सकाळी ठरवलेला डोस दुपारी निरुपयोगी ठरतो. दाट पाणी वेगळ्या टाकीत धरून थोडं थोडं सोडता आलं, तर निम्मा त्रास तिथेच संपतो. पाईप थोडा लागतो, पण मालकाला हे पटवणं मला नेहमीच कठीण गेलं आहे.

दुसरी बाटली चांगली, तिसरी गढूळ

हे पटकन सांगतो. सँड फिल्टर बॅकवॉश होत नाहीये, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून धुतला जात नाहीये, किंवा वाळू फुटलेली आहे. गढूळ पाणी कार्बनवर गेलं की कार्बन गाळणीचं काम करू लागतो, वरचा थर चोंदतो, प्रेशर गेजचा काटा चढतो. मग ऑपरेटर कार्बनचा बॅकवॉश रोज घेतो. इथे एक नुकसान होतं जे सहसा कुणी सांगत नाही. कार्बनच्या टाकीत पाणी वरून खाली जातं, म्हणून वरचा थर आधी भरतो आणि खालचा थर शेवटपर्यंत ताजा राहतो. तो खालचा ताजा थरच शेवटचा रंग पकडत असतो. बॅकवॉशने थर उलटसुलट झाले की भरलेले दाणे तळाला जातात आणि आऊटलेटला रंग लगेच दिसू लागतो. कार्बनचा बॅकवॉश गरजेपुरताच घ्या. गाळ अडवायचं काम वाळूचं आहे.

तिसरी बाटली रंगीत पण स्वच्छ, चौथी आठ दिवसांत तिच्यासारखीच

आता खरोखर कार्बनकडे बघायचं. आधी हिशेब करू, कारण अर्धी उत्तरं त्यातच मिळतात.

समजा टाकीचा व्यास १.२ मीटर आहे आणि कार्बनचा थर १ मीटर. म्हणजे कार्बन साधारण १.१३ घनमीटर. पंप तासाला १५ घनमीटर पाणी ढकलतो. तर पाणी कार्बनच्या जागेत थांबतं किती? १.१३ भागिले १५, म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटं. रंगाच्या मोठ्या रेणूला दाण्याच्या आत शिरायला वेळ लागतो. अशा कामाला १५ ते ३० मिनिटांचा संपर्क मिळावा हे धरून चाला. याच टाकीतून २० मिनिटं हवी असतील तर पंप तासाला ३.४ घनमीटरवर आणावा लागेल. पंप मोठा बसवून टाकी लवकर उपसण्याची सवय असते, आणि कार्बन दिवसभर रिकामा उभा असतो. तेच पाणी २४ तासांत सावकाश सोडलं, तर नवा पैसा न घालता फरक पडतो.

दुसरा हिशेब. समजा दिवसाला ५० घनमीटर पाणी, आणि कार्बनवर येताना त्यात लिटरला २० मिलिग्रॅम रंग उरलेला आहे. म्हणजे दिवसाला १ किलो रंग. तुमचा कार्बन तुमच्या पाण्यात ग्रॅमला ५० मिलिग्रॅम पकडतो असं धरलं, तर रोज २० किलो कार्बन खर्च होतो. टाकीत ५०० किलो असेल तर पूर्ण भरायला २५ दिवस. पण पूर्ण भरण्याच्या आधीच गळती सुरू होते, म्हणून निम्मे, बारा-तेरा दिवस धरा. आता समजा तुरटीचा टप्पा बिघडला आणि २० च्या जागी १०० मिलिग्रॅम येऊ लागले. तोच कार्बन अडीच दिवसांत गळायला लागेल. कार्बनची जात तीच, पुरवठादार तोच, भाव तोच. म्हणून मी पहिल्या दोन बाटल्यांवर एवढा वेळ घालवला.

‘ग्रॅमला ५० मिलिग्रॅम’ हा आकडा कुठून आणायचा? शोधनिबंधातून नाही आणि कार्बनच्या पिशवीवरूनही नाही. तो तुमच्या पाण्यावर काढायचा. तिसऱ्या बाटलीतलं पाणी घ्या. पाच डब्यांत प्रत्येकी १०० मिली. एकात काहीच घालू नका, बाकीच्यांत ०.१, ०.२५, ०.५ आणि १ ग्रॅम कार्बन. दाणेदार कार्बन आधी खलात बारीक करून घ्या, नाहीतर समतोल यायला तास नाही, दिवस लागतात. चार तास हलवा, गाळा, रंग मोजा. समजा सुरुवातीला ५० मिलिग्रॅम होते आणि ०.१ ग्रॅमच्या डब्यात २० उरले. गेले ३० मिलिग्रॅम दर लिटर, पाणी ०.१ लिटर, म्हणजे ३ मिलिग्रॅम रंग ०.१ ग्रॅमवर बसला. क्षमता ग्रॅमला ३० मिलिग्रॅम. पाचही डब्यांचे आकडे मांडले की जो वक्र मिळतो, त्यालाच रसायनशास्त्रज्ञ लँगम्युरने १९१८ मध्ये मांडलेलं समीकरण लावतात. पण कारखान्यात समीकरण लागत नाही. आऊटलेटला जेवढा रंग चालणार आहे, त्या पातळीला वक्र काय आकडा दाखवतो तेवढंच बघा. निबंधांत छापलेली कमाल क्षमता ही बहुधा फार दाट द्रावणात मिळालेली असते. फिकट पाण्यात तोच पदार्थ तिच्या एखाद्या हिश्शाएवढंच पकडतो.

मोजताना दोन चुका सतत होतात. कार्बनची बारीक भुकटी साध्या गाळणकागदातून निसटते आणि प्रकाशमापकात रंग म्हणून मोजली जाते. सेंट्रिफ्यूज करा किंवा ०.४५ मायक्रॉनचा पडदा वापरा. दुसरी चूक म्हणजे लाल, निळ्या, पिवळ्याचं मिश्रण एकाच तरंगलांबीला मोजणं. ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर या तिन्हींना मोजा. कापड उद्योगासाठी २०१६ पासून रंगाची मर्यादा प्लॅटिनम-कोबाल्ट एककात १५० आहे. ती मोजपट्टी मुळात पिवळ्या छटेची आहे, म्हणून टाकीवर रोज काय बदलतंय हे कळायला तीन तरंगलांब्यांची नोंदच कामाला येते.

आयोडीन नंबर १००० च्या वर, तरी रंग जात नाही

हा प्रश्न वेगळा काढतो, कारण इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो.

आयोडीन नंबर म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन पकडतो. आयोडीनचा रेणू लहान, त्याचं वजन २५४. तो २ नॅनोमीटरपेक्षाही अरुंद छिद्रांत शिरतो. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये अशी अरुंद छिद्रं भरपूर असतात, म्हणून त्याचा आयोडीन नंबर छान येतो आणि क्लोरीन किंवा वास काढायला तो उत्तम आहे. पण रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ या नेहमीच्या काळ्या रंगाचा रेणू सुमारे ९९२ वजनाचा, लांबट, आणि पाण्यात एकमेकांना चिकटून जुड्या करून फिरणारा. करवंटीच्या छिद्रांत तो जातच नाही. घर मोठं आहे, पण दार अरुंद आहे. त्याला लाकूड, लिग्नाइट किंवा दगडी कोळशापासून केलेला, २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रं असलेला कार्बन लागतो. अशा कार्बनचा आयोडीन नंबर ७००-८०० च असला तरी रंगाच्या कामात तो करवंटीच्या १०५० ला मागे टाकू शकतो.

पुरवठादाराला मोलॅसिस नंबर किंवा मिथिलिन ब्ल्यू नंबर विचारा, आयोडीनपेक्षा मोठ्या रेणूंवरची पकड ते सांगतात. उत्तर मिळालं नाही तर दोन-तीन जातींचे पावपाव किलोचे नमुने मागवा आणि वरची पाच डब्यांची चाचणी तुमच्याच पाण्यावर करा. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मी त्या पाच डब्यांवर विश्वास ठेवतो.

मिथिलिन ब्ल्यूचा विषय निघालाच आहे तर महाविद्यालयांत प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींसाठी मनापासून एक सांगायचं आहे. कडुलिंबाची पानं, संत्र्याची साल, चिंचोक्याची पूड, उसाची चिपाडं, शेवग्याच्या बिया, या सगळ्यांवर मिथिलिन ब्ल्यूने चाचणी करून ‘९५ टक्के रंग गेला’ असं लिहिलेलं मी वाचतो. आकडा खोटा नसतो. पण मिथिलिन ब्ल्यू धन भाराचा, सुमारे ३२० वजनाचा छोटा रेणू आहे आणि वनस्पतीच्या पेशीभित्तिकेवर कार्बॉक्सिल गटांमुळे ऋण भार असतो. तो चिकटणारच. तीच पूड घेऊन आमच्या टाकीवर आलात तर ऋण भाराच्या रिॲक्टिव्ह लालाला ती जवळही येऊ देत नाही. बेन्टोनाइट आणि झिओलाइटचंही तसंच, दोन्हींवर मूळचा भार ऋण आहे. तुमचं काम कारखान्यापर्यंत पोचावं असं वाटत असेल तर उर्ध्वपातित पाण्यात नाही, खऱ्या पाण्यात चाचणी करा. त्यात मीठ असतं, सोडा असतो, सायझिंगची खळ असते, साबण असतो. आणि कच्ची पूड वापरत असाल तर कोरी तपासणी जरूर करा: रंग नसलेल्या पाण्यात पूड टाकून तासभर हलवा. पाणी चहासारखं तपकिरी होतं का बघा. पानांतलं टॅनिन सुटतं, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. एक रंग काढून दुसरा घातल्यासारखं होतं. पूड गरम पाण्याने नितळ येईपर्यंत धुणं, किंवा आधी आम्लाची प्रक्रिया करणं, यानेही हा त्रास पुष्कळ कमी होतो.

ऋण भाराच्या रंगांसाठी आपल्या किनाऱ्यावरचा एक पदार्थ खरोखर आशेचा आहे, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा कायटोसान. त्याच्या अमाइन गटांवर आम्ल पाण्यात धन भार येतो आणि रिॲक्टिव्ह रंग त्याला घट्ट धरतात. अडचण ही की त्याच आम्लात तो विरघळतो. क्रॉसलिंक करून, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून, मणी केले तरच टाकीत टिकतो. कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याच्या बॉयलरची चिपाडाची राखही मुबलक आहे. तिच्यात न जळलेला कार्बन असतो, तोच काम करतो. पण ती क्षारधर्मी असते, फार बारीक असते, पाण्यातून वेगळी करणं हेच मोठं काम. ढवळायच्या टाकीत चालते, कॉलममध्ये भरली तर पाणीच पुढे जात नाही.

पीएच आणि मीठ

कार्बनच्या पृष्ठभागावर कुठला भार आहे हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. एका ठराविक पीएचला तो शून्य असतो, त्याच्या खाली धन, वर ऋण. कल्पना यायला ५ ग्रॅम कार्बन १०० मिली उकळून गार केलेल्या उर्ध्वपातित पाण्यात घालून रात्रभर ठेवा आणि पीएच मोजा. जो येईल तो त्या शून्य बिंदूच्या आसपास असतो. आता तुमचं पाणी १० ला कार्बनवर जात असेल तर दाणेही ऋण आणि रंगही ऋण. ६.५ ते ७ वर आणून बघा. आम्ल घालून पीएच उतरवला की क्षार वाढतात हेही लक्षात ठेवा. काही ठिकाणी बॉयलरचा धूर पाण्यातून सोडून त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरवतात, मला तो मार्ग आवडतो.

मिठाने कार्बन बिघडतो ही समजूत मात्र चुकीची आहे. मिठामुळे भारांचं ढकलणं कमी होतं आणि रिॲक्टिव्ह रंग उलट थोडा जास्तच बसतो. पण कार्बन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, कमी करत नाही, एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. टीडीएससाठी कार्बन बदलत असाल तर आजच थांबा.

आत नितळ पाणी, बाहेर रंगीत

आठवड्याची सुट्टी झाली, टाकीत साधं पाणी सोडलं, आणि कार्बनमधून लाल पाणी आलं. ऑपरेटर घाबरून जातो. अधिशोषण, म्हणजे दाण्यांवर रंग धरला जाणं, दोन्ही दिशांनी चालतं. दाट पाण्यात दाण्यांवर बसलेला रंग फिकट पाणी आलं की काही प्रमाणात सुटतो. पीएच चढला तर आणखी सुटतो. म्हणजे कार्बन भरत आला आहे याची ती सूचना असते, आणि आवक सारखी ठेवा असंही ती सांगते.

सुट्टीनंतर सडक्या अंड्याचा वास आणि काळसर पाणी आलं, तर कारण दुसरं आहे. ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर पाण्यात भरपूर सल्फेट असतं. पाणी साठून प्राणवायू संपला की जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. बंद ठेवण्याआधी टाकीतलं पाणी स्वच्छ पाण्याने बदला, सुरू करताना पहिलं पाणी परत कलेक्शन टँकमध्ये घ्या.

आणि हे मोठ्याने सांगतो: कार्बनच्या बंद टाकीत माणूस उतरवू नका. ओला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो. शिवाय सल्फाइडचा वायू. आत वास येत नाही म्हणून सुरक्षित आहे असं नसतं. हवा सोडा, वायुमापक लावा, वर दोरी धरून माणूस उभा करा, आणि शक्य असेल तर कार्बन पाण्याबरोबर बाहेरूनच उपसा.

जड धातू: इथे कार्बनकडून चुकीची अपेक्षा

‘कार्बन बसवलाय, धातूही जातील’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. साधा कार्बन धातूंना दुबळा आहे. शिसं, तांबं, जस्त हे धन भाराचे आयन, त्यांना पकडायला पृष्ठभाग ऋण लागतो, म्हणजे पीएच वर. रिॲक्टिव्ह रंगाला पीएच खाली लागतो. एकाच टाकीत दोघांचं भलं होत नाही. धातू आधी काढा, चुन्याने हायड्रॉक्साइड करून बसवा, मग पीएच उतरवून रंगाकडे या. तरीही थोडे उरले तर ऋण भाराची ती झाडपाल्याची पूड, झिओलाइट किंवा आयन एक्स्चेंज रेझिन इथे शोभतं.

क्रोमियमची गोष्ट निराळी. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून ऋण भाराने असतं. चुना कितीही घाला, ते बसत नाही. आधी त्याला त्रिसंयुजी करावं लागतं: पीएच २ ते ३ वर सोडियम मेटाबायसल्फाइट, मग चुन्याने साडेआठच्या आसपास आणून गाळ. हिराकसही हे काम करते, पण एक ग्रॅम क्रोमियमला सुमारे १६ ग्रॅम हिराकस लागते आणि लोखंडाचा गाळ भरपूर होतो. नदीनाल्यात सोडण्यासाठी षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, एकूण क्रोमियमची २. म्हणून दोन्ही वेगळे मोजून घ्या.

आणि टर्कॉइज ब्ल्यू. या रंगाच्या रेणूच्या मध्यभागीच तांबं बसलेलं असतं, थॅलोसायनिनच्या कड्यात अडकून. चुन्याने ते सुटत नाही. रंगमापनाच्या साध्या किटला ते दिसतही नाही, नमुना आधी आम्लात पचवावा लागतो. रंग जसाच्या तसा बसवला तर तांबंही त्याच्याबरोबर गाळात जातं. पण ‘रंग उडवायला’ हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) किंवा ओझोन वापरलात तर कडं तुटतं, पाणी नितळ दिसतं आणि तांबं मोकळं होऊन पुढे जातं. चौथी बाटली नितळ, अहवालात तांबं वाढलेलं: हे कोडं मला एकदा दोन महिने सुटलं नव्हतं. हायपो बंद केला, टर्कॉइजच्या लॉटचं पाणी वेगळं धरून डीकलरंटने बसवलं, आणि सुटलं. हायपोने पाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थही तयार होतात. पंचगंगेकाठी राहणाऱ्या माणसाने तरी रंग दिसेनासा झाला म्हणून समाधान मानू नये.

टाकी नव्याने भरताना

एका टाकीऐवजी दोन टाक्या एकामागे एक ठेवा. पहिलीच्या आऊटलेटला रंग आला तरी दुसरी सांभाळते. पहिली पूर्ण भरू द्या, मग तिचा कार्बन बदला आणि तिला मागे घ्या. यामुळे कार्बन अर्धवट भरलेला फेकला जात नाही. टाकीच्या मध्यावर एक नळ काढून घ्या, रंग किती खाली उतरलाय हे आऊटलेटच्या आधीच कळतं.

नवा कार्बन भरल्यावर एक दिवस पाण्यात भिजू द्या, छिद्रांतली हवा निघाली पाहिजे. मग बॅकवॉश करून काळी भुकटी घालवा. पहिल्या पाण्याचा पीएच राखेमुळे ९-१० पर्यंत चढतो, ते पाणी बाहेर सोडू नका.

काढलेला कार्बन आवारात ढीग करून ठेवू नका, पावसात तोच रंग परत वाहतो. तो घातक कचऱ्याच्या नियमांत येतो. तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या विल्हेवाट केंद्रांकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने पाठवायचा. प्रमाण मोठं असेल तर ८००-९०० अंशांवर वाफेने पुनर्जीवन करून देणाऱ्यांशी बोला, त्यात दर खेपेला ५ ते १० टक्के कार्बन घटतो.

नोंदवहीत रोज पाच गोष्टी पुरेत: त्या दिवशीचे शेड, चारही बाटल्यांचा पीएच, तीन तरंगलांब्यांची मापं, पंपाचा प्रवाह, प्रेशर गेज. शेडचा रकाना लोक गाळतात, तो गाळू नका. आऊटलेटला रंग कधी आला आणि वर त्या दिवशी काय रंगवलं जात होतं हे शेजारी शेजारी लिहिलेलं असलं, की पुढच्या वेळी मला किंवा पुरवठादाराला फोन करायच्या आधी तेच पान उघडा.